भांगार : शब्द, अर्थ आणि सिद्धांत

प्राचीन मराठी ग्रंथांचे अध्ययन करणाऱ्या साधकाला प्रथम शब्दार्थाविषयी सावध असावे लागते. ज्या शब्दाचे आजचे रूप परिचित वाटते, त्याचाच जुना अर्थ पुष्कळदा निराळा असतो. ‘भांगार’ हा शब्द याचे उत्तम उदाहरण होय.

संस्कृतात ‘भृंगार’ म्हणजे सोन्याची झारी. राज्याभिषेकाच्या प्रसंगी वापरावयाचे जलपात्र. दिगंबर जैनांच्या अष्टमंगलांतही भृंगाराची गणना होते. पात्राचे हे नाव पुढे ज्या धातूचे ते पात्र, त्या धातूलाच लागले, आणि संस्कृत कोशांनीही भृंगाराचा एक अर्थ सुवर्ण असा नोंदविला. कोंकणीत आजही सोन्याला ‘भांगार’ म्हणतात. कानडीत ‘बंगार’ आणि तेलुगूत ‘बंगारमु’ हे शब्द याच अर्थी रूढ आहेत. तेराव्या शतकातील मराठीतही हा शब्द होता. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीत तो सुवर्ण याच अर्थाने येतो. पुढे मराठीत ‘सुवर्ण’, म्हणजे चांगल्या वर्णाचे, यापासून आलेला ‘सोने’ हा शब्दच राहिला आणि भांगार मागे पडला.

आजच्या मराठीत ‘भंगार’ म्हणजे मोडकेतोडके, टाकाऊ सामान. त्याचा संबंध ‘भंग’ या शब्दाशी उघड दिसतो. केवळ ध्वनिसाम्यावर विसंबून जुन्या ग्रंथातील भांगार कोणी असे वाचले, तर जे मोलाचे म्हणून सांगितले तेच त्याज्य ठरेल आणि वचनाचा अर्थ पार उलटेल.

तथापि शब्दार्थ कळला एवढ्याने काम संपत नाही. सोने आणि अलंकार हा दृष्टांत वेदांतात प्रसिद्ध आहे. अलंकार अनेक असले तरी ते आटविल्यावर सोने एकच उरते. त्याप्रमाणे नामरूपे निरसली की ब्रह्म एकच, असा अद्वैतमताचा अभिप्राय. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी निरूपिलेल्या तत्त्वज्ञानात मात्र जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परभिन्न आहेत. जीवाला परमेश्वराचा आनंद प्राप्त होतो. जीव परमेश्वर होत नाही. म्हणून हा दृष्टांत जीवेश्वरांच्या ऐक्याकरिता येथे लावता येत नाही. शब्द तोच, धातूही तोच. पण दार्ष्टांतिक बदलले की सिद्धांत बदलतो.

केशिराजबासांच्या दृष्टांतपाठात सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी त्रिविध रचना आहे, तिचे मर्म येथे ध्यानात येते. दृष्टांत एकटा घेतला तर तो कोणत्याही मताकडे ओढता येतो. सूत्र आणि दार्ष्टांतिक यांच्यामध्येच त्याचा अर्थ निश्चित होतो. भिक्षुक असो वा वासनिक, पोथी वाचताना आधी शब्दाचा तत्कालीन अर्थ पाहावा, मग दृष्टांताची मर्यादा ओळखावी, आणि अखेर तो सूत्राशी ताडून पाहावा. सोन्याची पारख कसोटीवर होते, शब्दाची सूत्रावर.