निकालात शाळेचा वाटा किती?

वार्षिक परीक्षेचे निकाल लागले की गावोगावी एकच चर्चा सुरू होते. अमुक शाळेचा निकाल शंभर टक्के लागला, तमुक शाळेचा साठ टक्क्यांवर अडला. तेव्हा पहिली शाळा उत्तम आणि दुसरी सुमार, असा निवाडा पारावर बसल्या बसल्या दिला जातो. त्या निवाड्यावर विसंबून पालक मुलाचे नाव एका शाळेतून काढून दुसरीत घालतो, आणि शिक्षकाच्या मानापमानाचा हिशेबही त्याच आकड्यावर होतो. हा निवाडा कितपत न्याय्य आहे? मूल कोणत्या शाळेत जाते, यावर त्याचे परीक्षेतील यश खरोखर किती अवलंबून असते? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. एक तालुका, दोन टोके

मुळशी तालुक्याचे उदाहरण या विचारास फार सोयीचे आहे. तालुक्याच्या पूर्वेकडील हिंजवडी, माण, भूगाव ही गावे पुणे शहराच्या वेशीला भिडली आहेत. हिंजवडीस माहिती तंत्रज्ञानाचे उद्योग आले, पिरंगुटच्या परिसरात कारखाने उभे राहिले. पौडवरून पश्चिमेस माले, ताम्हिणीकडे जावे तसा देश पालटतो. डोंगर उंचावतात, पाऊस अनावर होतो, वस्ती विरळ होते. मुळशी धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. तरीही धरण झाले. सुपीक खोरे पाण्याखाली गेले आणि जलाशयाच्या काठाने व डोंगरउतारावर लहान लहान वाड्या राहिल्या.

या दोन टोकांवरील दोन मुले एकाच दिवशी पहिलीत दाखल होतात. एकाच्या घरी वर्तमानपत्र येते, आईवडील शिकलेले असतात, अडलेले गणित सांगणारे कोणी तरी असते. दुसऱ्याच्या घरात छापलेला कागद म्हणजे भिंतीवरचे कालनिर्णय. आषाढात भातलावणी सुरू झाली की धाकट्या भावंडास सांभाळण्याचे काम त्याच्याकडे येते. कातकरी कुटुंबातील मूल असेल, तर दिवाळीनंतर आईबापांबरोबर त्याला वीटभट्टीवर जावे लागते.

याचा परिणाम किती होतो, हे साध्या हिशेबाने समजेल. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. म्हणजे दिवसाला ४ तास. लावणी, पाऊस आणि स्थलांतर मिळून एखाद्या मुलाचे वर्षाला ४० दिवस बुडाले, तर त्याचे १६० तास गेले. म्हणजे वर्षाचा पाचवा हिस्सा गेला. असे पाच वर्षे घडल्यास पाचवीच्या अखेरीस त्या मुलाचे एक संपूर्ण वर्ष कमी भरते. हे मूल त्याच प्रश्नपत्रिकेस, त्याच तीन तासांत, पहिल्या मुलाच्या बरोबरीने बसते. त्याला कमी गुण पडले तर त्यातील दोष केवळ शाळेचा, असे कोण म्हणेल?

२. संशोधकांना काय आढळले?

या प्रश्नाचा मोठ्या प्रमाणावर शोध प्रथम अमेरिकेत घेतला गेला. जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली सुमारे ४,००० शाळांतील ६ लाखांवर विद्यार्थ्यांची पाहणी होऊन १९६६ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. इमारती, साहित्य, खर्च यांतील फरकाने गुणांत मोठा फरक पडत असेल, अशी सर्वांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात गुणांतील तफावतीचा संबंध शाळेपेक्षा घराशी अधिक असल्याचे दिसले. या अहवालावरून ‘शाळेने काही होत नाही’ असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. तो मात्र उतावळेपणाचा होता. कारण त्याच अहवालात असेही म्हटले होते की, वंचित समाजातील मुलांच्या बाबतीत शाळेच्या गुणवत्तेचा परिणाम इतरांपेक्षा अधिक असतो.

पुढे हाइनमन व लॉक्सली या दोन संशोधकांनी २९ देशांतील प्राथमिक शाळांची तुलना करून १९८३ साली आपले निष्कर्ष मांडले. देश जितका गरीब, तितका मुलाच्या यशात शाळेचा व शिक्षकाचा वाटा मोठा, असे त्यांना आढळले. याचे कारण समजण्यास अवघड नाही. ज्या घरात चार दिवे आहेत तेथे पाचवा लावला तर उजेडात फारसा फरक पडत नाही. अंधाऱ्या घरात एकच पणती लावली तरी सारे घर दिसू लागते. डोंगरातील वाडीवर मुलाला मिळणाऱ्या अक्षरज्ञानाचा जवळजवळ सर्व भार शाळेवर असतो. तेव्हा घराचा प्रभाव मोठा आहे हे खरे असले, तरी त्याचा आधार घेऊन वाडीवरील शिक्षकाने हात टेकणे योग्य नव्हे. त्याची जबाबदारी उलट शहरालगतच्या शिक्षकापेक्षा जड आहे.

३. शाळेचे नाव की शाळेतील काम?

आता दुसरा प्रश्न असा की, शाळा बदलली म्हणजे निकाल बदलतो काय? आंध्र प्रदेशातील १८० गावांत याची परीक्षा पाहिली गेली. सरकारी शाळांतील मुलांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून खाजगी शाळेत जाण्यासाठी शिष्यवृत्ती देण्यात आली. चिठ्ठीने निवड झाल्यामुळे निवडलेल्या व न निवडलेल्या मुलांच्या घरच्या स्थितीत भेद राहिला नाही. चार वर्षांनंतर तेलुगू व गणित या विषयांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हिंदीत मात्र खाजगी शाळेतील मुले पुष्कळ पुढे होती, कारण त्या शाळांत हिंदीला तासिका दिल्या जात होत्या. या खाजगी शाळांचा दर विद्यार्थ्यामागे होणारा खर्च सरकारी शाळांपेक्षा बराच कमी होता, हीही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा बोध स्पष्ट आहे. पाटीवरील नाव बदलल्याने भाषा किंवा गणित आपोआप सुधारत नाही. ज्या विषयाला खरोखर वेळ मिळतो तो विषय सुधारतो.

लंडनमधील १२ माध्यमिक शाळांचा अभ्यास मायकेल रटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केला. प्रवेशाच्या वेळी मुले कशी होती, याची वजावट केल्यावरही काही शाळांतील मुलांची हजेरी, वर्तन व परीक्षेतील यश इतर शाळांहून सरस होते. हा फरक इमारतीच्या वयावर वा जागेच्या ऐसपैसपणावर अवलंबून नव्हता. तास वेळेवर सुरू होणे, गृहपाठ देणे व तो तपासणे, मुलांची प्रशंसा करणे, त्यांच्यावर जबाबदारी सोपविणे, अशा नित्याच्या गोष्टींशी त्याचा संबंध होता. यांपैकी एकाही गोष्टीस वेगळे अनुदान लागत नाही.

आपल्या देशातील अनुभवही हेच सांगतो. या शतकाच्या आरंभी मुंबई व वडोदरा येथील पालिका शाळांत ‘बालसखी’ हा उपक्रम झाला. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एक तरुणी रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून वाचन व अंकगणिताचा पाया शिकवी. मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत मागे असलेल्यांचे अधिक वाढले. मात्र उपक्रम सुटल्यावर वर्षभरात तो लाभ बराचसा ओसरला. पेरणी एका वर्षाची केली की पीकही एकाच वर्षाचे येते, याची ही नोंद होय.

घराची उणीव शाळेने कोठवर भरून काढावी, याचा धडा कर्मवीर भाऊराव पाटील यांनी फार पूर्वी घालून दिला. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. खेड्यातील गरीब मुलाला केवळ वर्ग उपलब्ध करून भागत नाही. त्याला जेवण, निवारा, अभ्यासाची वेळ आणि सोबतही हवी, हे त्यांनी ओळखले होते.

४. टक्केवारीचे भान

लहान शाळेचा निकाल टक्क्यांत सांगणे मुळातच धोक्याचे आहे. पाचवीत ४ मुले असून १ मागे राहिले, तर निकाल ७५ टक्के होतो. ८० मुलांच्या वर्गात १ मागे राहिले, तर तो ९८.७५ टक्के राहतो. दोन्हीकडे मागे राहिलेले मूल एकच आहे. कमी पटाच्या शाळांचे भवितव्य जेव्हा चर्चेत असते, तेव्हा अशा आकड्यांचा अर्थ लावताना विशेष सावध राहिले पाहिजे.

पुढील उदाहरण कल्पित आहे, पण ते प्रत्येक शिक्षकाने स्वतःच्या वर्गाशी ताडून पाहावे. शहराजवळील एका शाळेत तिसरीच्या २० मुलांपैकी १६ मुलांना जूनमध्येच उतारा वाचता येत होता. एप्रिलमध्ये १८ मुलांना येऊ लागला. निकाल ९० टक्के. डोंगरातील शाळेत ५ मुले होती. जूनमध्ये एकालाही उतारा वाचता येत नव्हता, एप्रिलमध्ये तिघांना येऊ लागला. निकाल ६० टक्के. परंतु ज्यांना वाचता येत नव्हते त्यांपैकी पहिल्या शाळेने ४ पैकी २ मुलांना वाचते केले आणि दुसरीने ५ पैकी ३. येथे पहिली शाळा वाईट ठरत नाही. आधीच वाचणारी तिची १६ मुले वर्षभरात किती पुढे गेली, हे या मोजणीत दिसत नाही. म्हणून जूनची नोंद नसेल तर एप्रिलचा आकडा मुका असतो.

या टक्केवारीच्या भीतीतून एक अनिष्ट प्रथा उद्भवू शकते. कच्च्या मुलाला शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्जच भरू न देणे, किंवा परीक्षेच्या दिवशी घरी राहण्यास सुचविणे, हे शाळेचा आकडा सुधारण्याचे सोपे उपाय वाटतात. त्याने आकडा सुधारतो; पण ज्या मुलासाठी शाळा उघडली त्यालाच शाळेच्या हिशेबातून वगळले जाते. निकाल कमी लागल्याने शाळेची प्रतिष्ठा जात नाही. मूल असे वगळल्याने मात्र ती जाते.

५. शिक्षकांनी करावयाच्या गोष्टी

(अ) जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाचे वाचन स्वतः ऐकावे. अक्षर, शब्द, वाक्य, उतारा यांपैकी ते कोठे आहे, याची तारखेसह नोंद ठेवावी. गणितातही तसेच करावे. हीच नोंद दिवाळीपूर्वी व एप्रिलमध्ये पुन्हा घ्यावी.

(आ) रोज ठरावीक वेळ इयत्तेचा भेद बाजूस ठेवून पातळीनुसार गट करावेत. द्विशिक्षकी शाळेत हे अवघड वाटते. वास्तविक एका खोलीत अनेक इयत्ता बसतात तेथेच ते सहज साधते.

(इ) ज्या मुलांच्या घरी अभ्यासास जागा वा सोबत नाही, त्यांचा गृहपाठ शाळा सुटण्यापूर्वी शाळेतच करून घ्यावा.

(ई) हजेरीपट केवळ भरू नये, वाचावा. लावणीच्या दिवसांत कोणाचे किती दिवस बुडतात हे पाहून ते तास श्रावण-भाद्रपदात कसे भरून काढता येतील, याची आखणी आधीच करावी. स्थलांतर करणाऱ्या मुलाबरोबर शिक्षण हमी पत्रक न चुकता द्यावे.

(उ) मूल पुढील शाळेत जाताना दाखल्याबरोबर त्याच्या प्रगतीची नोंदही पाठवावी. दहावीच्या शालान्त परीक्षेत गणितात अडणारा विद्यार्थी बहुधा दहावीत अडलेला नसतो. भागाकार पक्का झाला नव्हता तेव्हाच तो अडलेला असतो.

समारोप

मूल कोणत्या शाळेत जाते याने निकालात फरक पडतो काय, या प्रश्नाचे उत्तर असे की, शाळेच्या नावाने थोडा पडतो, घराने पुष्कळ पडतो, आणि जेथे घर दुबळे आहे तेथे वर्गात रोज होणाऱ्या कामाने फार मोठा पडतो. निकालपत्रकावर शाळेचा एक आकडा असतो. त्या आकड्यामागे प्रत्येक मूल जूनमध्ये कोठे होते, हे सांगू शकणारा शिक्षक कोणत्याही तुलनेला निर्भयपणे सामोरा जाऊ शकतो.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतील कोणत्या मुलाचे गतवर्षी सर्वाधिक दिवस बुडाले? त्याचे किती तास भरून काढता आले?

२. आपल्या वर्गाचा निकाल टक्क्यांऐवजी प्रगतीच्या नोंदीवरून मांडल्यास कोणते चित्र दिसते?

३. परीक्षेस बसू न शकलेली मुले कोणती, व त्याची कारणे काय?