साठ फुटी समुद्रसर्प : साक्ष खरी, पण प्राणी कोणता?

प्रश्न : आमच्याकडे मासेमारीच्या जाळ्यात समुद्रसाप अडकतात, ते लहानपणापासून पाहत आलो आहे. पण जुन्या काळच्या दर्यावर्दींनी पन्नास-साठ फुटांचे समुद्रसर्प पाहिल्याचं वाचलं. त्यात आरमारी जहाजांचे कप्तानही होते. ही सगळी माणसं खोटं बोलत होती का? की असं काही समुद्रात खरंच असू शकेल?
– एक वाचक, मालवण

उत्तर : ती खोटं बोलत होती असं मानायला बहुतेक वेळा काहीच आधार नसतो. पण माणूस प्रामाणिक आहे एवढ्यावरून त्याचा निष्कर्ष बरोबर ठरत नाही. त्याला काय दिसलं आणि ते काय असावं असं त्याला वाटलं, या दोन गोष्टी आधी वेगळ्या करायला हव्यात. तसं केलं की जुन्या हकिकतींतूनही बरंच हाती लागतं. ‘डीडेलस’ जहाजाची हकिकत त्या दृष्टीने फार मोलाची आहे.

६ ऑगस्ट १८४८ रोजी ब्रिटिश आरमाराचं हे जहाज पूर्वेकडून मायदेशी परतत होतं. केप ऑफ गुड होप आणि सेंट हेलेना बेट यांच्या दरम्यान एका शिकाऊ अधिकाऱ्याला पाण्यात काहीतरी वेगळं दिसलं. कप्तान पीटर मॅक्वे यांच्यासह सात जणांनी ते पाहिलं. मॅक्वे यांनी आरमाराला कळवलं ते असं : डोकं पाण्यावर सुमारे ४ फूट उचललेलं, मागे किमान ६० फूट अंग पाण्याच्या पातळीला, डोक्यामागची जाडी १५-१६ इंच, रंग गडद तपकिरी, गळ्याशी पिवळट पांढरा. पर दिसले नाहीत. पाठीवर आयाळीसारखं किंवा शेवाळाच्या झुबक्यासारखं काहीतरी हलत होतं. वेग ताशी १२ ते १५ मैल. हे दृश्य सुमारे २० मिनिटं दिसत होतं.

याच अहवालात एक नोंद आहे, ती सर्वांत महत्त्वाची. एवढ्या वेगाने जाताना त्या प्राण्याचं अंग ना आडवं वळवळत होतं, ना वरखाली. साप पोहतो तो अंगाला दोन्ही बाजूंना वळणं देत. अंग ताठ ठेवून तो त्या वेगाने जाऊच शकत नाही. म्हणजे पाण्याखाली शेपूट किंवा वल्ह्यांसारखे अवयव काम करत असणार. खरे समुद्रसाप हिंद आणि प्रशांत महासागरांत राहतात, अटलांटिकमध्ये नाहीत. आणि त्यांतले सर्वांत लांबही दहा फुटांच्या आसपासच थांबतात. तेव्हा कप्तानाची साक्ष जशीच्या तशी मानली, तरी तीच सापाच्या विरुद्ध जाते.

मग तो होता कोण? प्रसिद्ध शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी मोठ्या सीलचा अंदाज मांडला. मॅक्वे यांनी तो ठामपणे नाकारला. पण त्याच डेकवर लेफ्टनंट एडगर ड्रमंड होते आणि त्यांच्या टिपणातलं वर्णन वेगळं आहे : डोकं लांब, टोकदार, वरून चपटं, सुमारे १० फुटांचं, वरचा जबडा बराच पुढे आलेला, आणि डोक्याच्या २० फूट मागे अधूनमधून दिसणारा एक पर. २०१५ मध्ये अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॅरी गॅलब्रेथ यांनी या तपशिलांवरून हा सेई देवमासा असावा असं मांडलं. हा देवमासा कधी कधी वरचा जबडा पाण्याबाहेर ठेवून पृष्ठभागालगत पोहत भक्ष्य गाळून घेतो. चपटं डोकं, मागचा पर, न वळवळणारं अंग, हे सगळं त्यात बसतं. ही सिद्धता नव्हे. पण आजवरच्या खुलाशांत मला हाच सर्वांत पटतो.

तरी दार बंद करू नये. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाला असं मानलेल्या गटातला सीलाकँथ मासा १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ जाळ्यात मिळाला. साडेचार मीटरच्या आसपासचा मेगामाउथ शार्क विज्ञानाला १९७६ मध्ये हवाई बेटांजवळ प्रथम कळला. पण हे दोन्ही मासे आहेत, त्यांना श्वासासाठी वर यावं लागत नाही. डोकं वर काढून फिरणारा ६० फुटी प्राणी लपून राहणं फार कठीण. विसाव्या शतकात सुमारे ३० लाख देवमासे मारले गेले. त्या शिकारी ताफ्यांनी जगभरचे समुद्र पिंजून काढले, पण असा एकही प्राणी त्यांच्या हाती लागला नाही.

नमुना हाती असला तर वाद कसा मिटतो, हे १९७७ मध्ये दिसलं. न्यूझीलंडजवळ ‘झुइयो मारू’ या जपानी ट्रॉलरच्या जाळ्यात लांब मानेचा सुमारे १० मीटरचा कुजका मृतदेह आला. पकडलेली मासळी नासू नये म्हणून खलाशांनी तो परत समुद्रात टाकला; पण त्याआधी फोटो काढले आणि पराचे काही तंतू कापून घेतले. तपासणीत ते तंतू बास्किंग शार्कच्या तंतूंशी जुळले. हा शार्क कुजताना जबडा आणि कल्ले आधी गळून पडतात. उरते छोटी कवटी आणि मानेसारखा कणा.

म्हणून माझी विनंती. समुद्रावर काही अनोळखी दिसलं, तर बोटीवरच्या प्रत्येकाने एकमेकांशी बोलण्याआधी आपापलं टिपण लिहावं. मोकळ्या पाण्यात लांबीचा अंदाज सहज चुकतो, म्हणून आकड्यापेक्षा रंग, डोक्याचा आकार, पर आणि अंगाची हालचाल नीट नोंदवावी. ‘सर्प’, ‘राक्षस’ अशी नावं तिथे घालू नयेत. मेलेला प्राणी मिळाला, तर शेजारी वल्हं ठेवून फोटो घ्यावा आणि मांसाचा छोटा तुकडा बर्फात जपावा. त्यावरून आता डीएनए तपासता येतो. ६० फुटी समुद्रसर्प आहे असं मला आज वाटत नाही. पण हे मत बदलायला तेवढा एक तुकडा पुरे आहे.