तार नव्हे, पाय गरम कर

२६ जुलै २०१९ ची रात्र बदलापूरकर विसरणार नाहीत. उल्हास नदी चढत होती आणि मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकून पडली होती. आमच्या इमारतीत वीज नव्हती. तळमजल्यावरच्या आजी पिशवीत औषधं आणि कागदपत्रं घेऊन वर यायला निघाल्या. त्यांच्या हातातला इमर्जन्सी दिवा दोन महिन्यांपूर्वी मी दुरुस्त करून दिला होता, तोही फुकट आणि "आता पाच वर्षं बघायला नको" असं छातीठोक सांगून. जिन्याच्या वळणावर तो विझला. आजींची पायरी चुकली. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिलं.

पाणी ओसरल्यावर मी तो दिवा उघडला. बॅटरीकडून येणाऱ्या लाल वायरीच्या टोकाला हिरवट-निळी पूड धरली होती. नुसती ओढली तर वायर हातात आली. शेजारी चार्जिंगच्या पिनेभोवतीचं सोल्डर वरून छान चकचकीत दिसत होतं, पण नखाने ढकललं तर पिन आतल्या आत गोल फिरली. दोष कंपनीचा नव्हता. दोन्ही डाग, म्हणजे सोल्डरचे सांधे, माझे होते.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत स्टोअर सांभाळतो, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जायची म्हणून घरोघरी इमर्जन्सी दिवे, आणि बिघडलेले दिवे त्याहून जास्त. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले, पंचवीस वॅटची इस्त्री आणली (हो, आमच्याकडे सोल्डरिंग आयर्नलाही बरेचजण इस्त्रीच म्हणतात), सोल्डरच्या जाड तारेचं रीळ आणलं आणि हार्डवेअरच्या दुकानातून पेस्टची डबी. पहिला दिवा पेटला तेव्हा मला वाटलं, विद्या आली.

माझी पद्धत अशी होती की इस्त्रीच्या टोकावर सोल्डरचा थेंब घ्यायचा, चमच्याने औषध पाजावं तसा तो नेऊन सांध्यावर ठेवायचा. थेंब बसायचा, चमकायचा. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब बसतो ना, तसा. बसलेला दिसतो, पण धरलेला नसतो.

आजींच्या प्लास्टरनंतर मी तो बोर्ड घेऊन उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये गेलो. तिथल्या एका गल्लीत टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे सिंधी काका बसतात. त्यांनी भिंगातून बोर्ड पाहिला, रागावले नाहीत. इस्त्री माझ्याच हातात दिली आणि म्हणाले, "बेटा, तार को नहीं, पाँव को गरम कर."

पाँव म्हणजे पार्टचा पाय. आणि मला लहानपणी दारात बसणारा कल्हईवाला आठवला. तो कथील कधी वितळवून भांड्यात ओतायचा नाही. भाता चालवून आधी भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, मग कथलाची कांडी तापलेल्या पितळेला टेकवायचा. भांडंच कथील ओढून घ्यायचं. सोल्डरिंग हे तेच काम आहे, फक्त भांडं तांदळाएवढं. जुन्या मराठीत याला झाळणं म्हणत, तो शब्द मला जास्त आवडतो.

तर इस्त्रीचं टोक एकाच वेळी पायाला आणि बोर्डावरच्या तांब्याच्या चकतीला टेकवायचं. एक सेकंद थांबायचं. मग तार इस्त्रीला न लावता समोरच्या बाजूने पायाला लावायची. जागा तापली असेल तर तार आपोआप आत खेचली जाते. आधी तार काढायची, मग इस्त्री. सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. त्यानंतर हलवायचं नाही आणि फुंकर तर मुळीच मारायची नाही. थिजताना पाय हलला की आत भेग राहते. दुरुस्तीवाले ज्याला ड्राय सोल्डर म्हणतात तो बऱ्याचदा असा जन्मतो. चांगला डाग भाताच्या मुदीसारखा फुगलेला नसतो. तो पायापासून चकतीपर्यंत तंबूच्या कापडासारखा आत वळत उतरतो.

तार कोणती, यालाही अर्थ आहे. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेली तार १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम थिजते, मधली लापशी अवस्था जवळपास नसतेच. नवशिक्यासाठी तीच घ्या, ६०-४० सुद्धा चालेल. जाडी २२ गेज, म्हणजे सुमारे पाऊण मिलीमीटर. माझी १८ गेजची होती, तिने नुसते गोळे झाले. बिनशिशाच्या तारेला २१७ अंशांच्या वर तापवावं लागतं आणि तिचा चांगला डागही मळकट दिसतो, त्यामुळे चमक पाहून डाग ओळखायची सवय तिथे फसवते.

आता ती हिरवी पूड. मी आणलेली पेस्ट पत्रा आणि रेडिएटर झाळायची होती, तिच्यात झिंक क्लोराइड. नवसागर काय किंवा हे काय, तांब्यावरचा मळ झटक्यात खातात, म्हणून काम सोपं वाटतं. पण भांडं कल्हईनंतर धुतलं जातं, बोर्ड कोण धुतो? मे महिन्यात राहिलेला क्षार जुलैच्या दमट हवेत पाणी ओढून घेतो आणि वायर खात बसतो. असा मळ खाणारा पदार्थ म्हणजे फ्लक्स. इलेक्ट्रॉनिक्सला तो राळेचाच लागतो आणि चांगल्या तारेच्या पोटात तो आधीच भरलेला असतो. डबीवर राळ किंवा रोझिन लिहिलेलं नसेल तर ती बोर्डाजवळ आणू नका. वायर जोडताना आधी ती भोकातून ओवून, वाकवून अडकवा. सोल्डर म्हणजे डिंक नव्हे.

जुने कारागीर इस्त्रीचं टोक कानशीने घासायचे, ते पाहून मीही घासलं. त्यांचं टोक नुसत्या तांब्याचं असायचं. आजच्या टोकावर लोखंडाचा पातळ थर असतो. तो गेला की आठवड्यात टोकाला खड्डे. ओल्या स्पंजाला पुसायचं, बंद करण्याआधी थोडं सोल्डर लावून ठेवायचं, बस.

धुराबद्दल लोक उलटं घाबरतात. या तापमानाला शिशाची वाफ होत नाही म्हटलं तरी चालेल. धूर असतो तो राळेचा, आणि तो दम्याला वाईट. खिडकी उघडा, पंख्याने धूर बाजूला जाऊ द्या. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. मी सोल्डरिंग करता करता शेंगदाणे खायचो. तार दातात धरणारेही पाहिलेत. हात साबणाने धुवा, आणि लहान मुलं बसतात त्या जेवणाच्या टेबलावर हे काम मांडू नका.

सगळ्यात मोठी भीती मात्र एलईडी बल्बची. दिव्यांवर हात बसला की माणूस तिकडे वळतो, मीही वळलो. आपल्या घरातली २३० व्होल्टची वीज बल्बच्या आत डीसी होऊन सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास जाते, आणि स्वस्त बल्बात तिच्यात आणि तुमच्या बोटात मध्ये काहीच नसतं. होल्डरमधून काढलेल्या बल्बनेही मला एकदा असा दणका दिला की कोपर भिंतीवर आपटलं. कपॅसिटर भरलेला होता. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून तो रिकामा करू नका. दहा किलो-ओहमचा मोठा रेझिस्टर काही क्षण लावा आणि मीटरने शून्य पाहा. दुरुस्त बल्ब पहिल्यांदा सिरीज बोर्डावरच लावा, म्हणजे त्याच्या वाटेत एक जुना शंभर वॅटचा दिवा असतो. आत शॉर्ट असेल तर तो दिवा पेटेल, एवढंच. इस्त्री तीन पिनांची हवी आणि त्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. आमच्या सॉकेटला भोकं तीन होती, वायरी दोन. लिथियमच्या सेलवर थेट इस्त्री टेकवू नका, पट्टी लावलेलेच सेल आणा.

काकांनी मला सहा महिने कुणाची वस्तू घेऊ दिली नाही. भंगारवाल्याकडून किलोवर जुने बोर्ड आणायचे, पार्ट उपटायचे, झिरो बोर्डवर, म्हणजे भोकांच्या कोऱ्या बोर्डवर, लावायचे, थंड झाल्यावर चिमट्याने ओढून पाहायचे. पहिल्या शंभर डागांतले तेवीस निघून आले. मी वहीत लिहून ठेवलं आहे. शिकायचं असेल तर तुम्हीही अशी वही ठेवा, आणि आकडा दोनच्या खाली येईपर्यंत शेजाऱ्यांना सांगू नका की तुम्हाला सोल्डरिंग येतं.

आजींचा दिवा मी पुन्हा पूर्ण झाळून दिला. गेली काही वर्षं तो व्यवस्थित चालतोय. वीज गेली की त्या तो स्वयंपाकघरात लावतात. जिन्यात जाताना मात्र मोबाइलची बॅटरीच.