मत विचारले जाते तेव्हा

सूरह बनी इस्राईलच्या छत्तिसाव्या आयतीत अल्लाहने एक साधी दिसणारी पण पाळण्यास कठीण अशी ताकीद दिली आहे. ज्या गोष्टीचे आपल्याला ज्ञान नाही तिच्या मागे जाऊ नये. कान, डोळे आणि हृदय या तिन्हींविषयी विचारणा होणार आहे. ही आयत आपण बहुधा चहाडी, अफवा किंवा खोटी साक्ष यांच्या संदर्भात ऐकतो. या पाठात ती जरा निराळ्या ठिकाणी लावून पाहू. फोन, संगणक आणि रोज नव्याने निघणारी यंत्रे यांविषयी आपली तरुण मंडळी ज्या गप्पा मारतात, त्या गप्पांना ही आयत कितपत लागू पडते?

वाचक बंधू-भगिनींनो, या गप्पा तुम्हांला अपरिचित नाहीत. मुरुड असो, श्रीवर्धन असो, म्हसळा असो की बोर्ली पंचतन, इशाची नमाज आटोपली की मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर पाच-सहा जण जमतात. कुवेतहून कोणी सुट्टीवर आलेला असतो, त्याच्या हातात नवा फोन असतो. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी दिवसभर टिकते की नाही, आयफोन चांगला की अँड्रॉइड, अमका चार्जर लावला तर फोन तापतो का, असे विषय निघतात. कट्टा उठला तरी चर्चा थांबत नाही. व्हॉट्सअॅपच्या गटात ती चालूच राहते आणि दोहा, दुबई, बहरीनमधले चुलतभाऊ तीत भर घालतात. कोणी फिरकी घेतो, कोणी चिडतो, कोणी हसण्याच्या चित्रांची रांग लावतो.

या गप्पांना सरसकट निरर्थक ठरवणारा मी नाही. आपल्या मोहल्ल्यातील कित्येक वृद्ध मातांना परदेशातील मुलाचा चेहरा फोनवर पाहण्याची युक्ती याच मुलांनी शिकवली. थट्टामस्करीलाही दीनमध्ये जागा आहे. एका माणसाने स्वारीसाठी जनावर मागितले तेव्हा आदरणीय प्रेषित (सल्ल.) यांनी त्याला उंटिणीचे पिल्लू देतो असे सांगितले. तो गोंधळला, पिल्लावर स्वारी कशी करणार? तेव्हा प्रत्येक उंट हा कोणत्या ना कोणत्या उंटिणीचेच पिल्लू असतो, हे त्याच्या ध्यानात आणून दिले गेले. ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. या विनोदात शब्द अक्षरशः खरा आहे, माणूस क्षणभर बुचकळ्यात पडतो, आणि त्याचे काहीही नुकसान होत नाही. उलट त्याला स्वारी मिळते.

आता आपल्या किनाऱ्यावरची एक घटना पाहा. मच्छीमार बोटीवर काम करणाऱ्या एका तरुणाने जुना पण चांगल्या प्रतीचा फोन विकत घेतला होता. गप्पांच्या ओघात त्याने विचारले, "बोटीवर पाणी उडते, याला काही होणार नाही ना?" यंत्रांतला जाणकार म्हणून ओळखला जाणारा एक मुलगा हसत म्हणाला, "अरे, आयपी ६८ आहे तो! समुद्रात बुडव, वर काढ, काही होत नाही." सगळे हसले. दोन दिवसांनी बोट धक्क्याला लावताना फोन खाऱ्या पाण्यात पडला. खलाशी निर्धास्त होता. त्याने तो फडक्याने पुसला आणि तसाच चार्जिंगला लावला. फोन पुन्हा सुरू झाला नाही. त्या फोनमध्ये त्याच्या मरहूम आईच्या आवाजातील निरोप होते. ते दुसरीकडे कोठेही साठवलेले नव्हते. ज्याने सल्ला दिला होता त्याचे म्हणणे एवढेच होते, "मी तर गमतीत बोललो होतो."

या सल्ल्यात चूक कोठे होती ते नीट समजून घेऊ, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येक घराला याचा उपयोग आहे. आयपी ६८ या खुणेतील पहिला अंक धुळीविषयी आहे. ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही. दुसरा अंक पाण्याविषयी आहे. ८ म्हणजे एक मीटरपेक्षा अधिक खोल पाण्यात, कंपनीने स्वतः सांगितलेल्या खोलीपर्यंत आणि तेवढ्याच वेळेपुरता, फोन टिकतो. ही तपासणी प्रयोगशाळेत, स्वच्छ गोड्या पाण्यात आणि नव्या फोनवर होते. समुद्राच्या पाण्यातील मीठ धातूला गंज चढवते आणि खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा वीज अधिक वाहून नेते. ओल्या फोनला चार्जर लावणे तर सर्वांत घातक. शिवाय फोन जुना झाला, एकदा उघडून दुरुस्त झाला, की आतील रबरी व चिकट पट्ट्या पूर्वीसारख्या घट्ट राहत नाहीत. पाण्याने झालेली हानी बहुतेक कंपन्या हमीतही धरत नाहीत. म्हणजे खूण खरी होती, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा होता. सांगणाऱ्याने ती खूण कोठेतरी ऐकली होती, तिच्या अटी वाचल्या नव्हत्या. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणे एवढेच माणसाला खोटारडा ठरवण्यास पुरे आहे, या आशयाची हदीस इमाम मुस्लिम यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच घेतली आहे.

आणि ते बोलणे गंमत होते काय? माझ्या मते नव्हते. खलाशाने प्रश्न विचारला होता, आणि तो ज्याला विचारला त्याला सर्व जण जाणकार समजत होते. ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो त्याच्यावर अमानत सोपवलेली असते, असे प्रेषितवचन अबू दाऊद व तिर्मिजी यांच्याकडे आले आहे. अमानत हा शब्द ऐकला की आपल्यासमोर पैसा येतो, दागिने येतात, परदेशी जाताना शेजाऱ्याकडे ठेवलेल्या घराच्या किल्ल्या येतात. मत ही देखील अमानत आहे, हे मात्र सुचत नाही. कोणी विचारीपर्यंत तुमची आवड तुमची होती. विचारले त्या क्षणी तिच्यात दुसऱ्याचा हक्क आला. त्याची मिळकत किती, काम कोणते, फोन वापरणार कोण, हे न विचारता "हाच घे" म्हणणे म्हणजे त्या हक्काकडे पाठ फिरवणे होय. मुलाच्या अभ्यासासाठी साधा फोन शोधणाऱ्या आईला हप्त्यांवरचा महागडा फोन घ्यायला लावतात आणि पुढे त्या हप्त्यांवरील व्याजाचा विचार कोणीच करत नाही, तेव्हाही हेच घडलेले असते.

यंत्रे आणि तंत्रे यांविषयी मत कसे धरावे, याचे दोन दाखले मला नेहमी आठवतात. पहिला मदीनेचा. तेथील लोक नर खजुराचे पराग मादी झाडावर घालीत असत. प्रेषित (सल्ल.) यांनी ते पाहून, याचा काही उपयोग होत असेल असे आपल्याला वाटत नाही, असा अभिप्राय दिला. लोकांनी ते काम सोडले आणि त्या हंगामात पीक कमी आले. ही गोष्ट कळल्यावर त्यांनी स्पष्ट केले की तो केवळ एक अंदाज होता. अल्लाहकडून आलेली गोष्ट सांगेन ती घ्या, पण आपल्या दुनियेतील कामे तुम्ही अधिक जाणता. सहीह मुस्लिममधील ही हदीस वाचताना मी दरवेळी थांबतो. ज्यांच्याकडे वही येत होती त्यांनी बागवानाचे ज्ञान बागवानाकडे सोपवले. आपण मात्र दोन चित्रफिती पाहून फोन दुरुस्त करणाऱ्या कारागिराला त्याचे काम शिकवायला निघतो!

दुसरा दाखला भारतातील उलेमांचा. मशिदींत लाऊडस्पीकर आला तेव्हा नमाजमध्ये तो चालेल काय, यावर मोठी चर्चा झाली. प्रश्न तांत्रिकच होता. इमामाचा आवाज मायक्रोफोनच्या पडद्यावर आदळतो, त्याचे विजेच्या लहरींत रूपांतर होते, त्या लहरी वाढवल्या जातात आणि शेवटी कर्ण्यातील पडदा त्यांच्या तालावर कंप पावतो. मग बाहेर येणारा आवाज इमामाचाच मानायचा, की यंत्राने निर्माण केलेला नवा आवाज? नवा मानला तर त्यामागे रुकू-सजदा करणारा नमाजबाहेरील वस्तूचे अनुकरण करतो, असा आक्षेप होता. देवबंदचे मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांचा आरंभीचा कल नमाज होणार नाही या बाजूला होता. विज्ञान जाणणाऱ्यांकडे चौकशी झाली, प्रश्न पुन्हा तपासला गेला आणि त्यांनी आपले मत बदलले. विशेष म्हणजे हा बदल त्यांनी झाकला नाही. नव्या यंत्रांच्या शरई हुकुमांवरील आपल्या ग्रंथात तो नमूद केला. आज कोणाला यात हसण्यासारखे वाटत असेल तर त्याने एक विचार करावा. त्यांना ज्या गोष्टीचे ज्ञान नव्हते, तिच्याविषयी त्यांनी ज्ञान असणाऱ्यांना विचारले. सूरह नहलच्या त्रेचाळिसाव्या आयतीचा आदेश तोच आहे.

मताइतकाच गंभीर भाग टिंगलीचा आहे. सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एका समूहाने दुसऱ्या समूहाची थट्टा करू नये असे फर्मावले आहे. ज्यांना हसले जाते ते हसणाऱ्यांपेक्षा उत्तम असू शकतील. आपल्याकडे स्वस्त फोन असणाऱ्या मुलाला गटात टोपणनाव पडते. त्याने काढलेला फोटो धूसर आला की "कोणत्या डब्यातून काढलास" असे विचारले जाते. मुलगा दोनदा हसून नेतो, तिसऱ्यांदा गट सोडतो, आणि चौथ्यांदा बापाजवळ हट्ट धरतो. ज्या दोन कंपन्यांच्या नावाने हे तट पडतात, त्यांचे परस्परांशी नाते तरी काय आहे? सॅमसंगच्या पडदे बनवणाऱ्या विभागाकडून अॅपल २०१७ पासून आपल्या आयफोनसाठी पडदे विकत घेत आली आहे. कंपन्या व्यवहार करतात आणि राजपुरीच्या धक्क्यावर दोन मामेभाऊ बोलेनासे होतात.

जे खरोखर यंत्रे घडवतात त्यांचे वादही काही कमी तिखट नसतात. १९९२ च्या जानेवारीत ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी लिनक्स ही प्रणाली कालबाह्य असल्याचे जाहीरपणे लिहिले. ती लिहिणारा लिनस टोरवाल्ड्स तेव्हा हेलसिंकीत शिकणारा विद्यार्थी होता. त्याने तितक्याच जहाल शब्दांत उत्तर दिले. एका परिचिताने त्याला मित्रत्वाने समजावले की हे असे करायचे नसते, आणि त्याने लगोलग सर्वांसमक्ष प्राध्यापकांची माफी मागितली. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात तेच लिनक्स आहे. म्हणजे त्याच्या कामाला यश आले, तरी बोलण्याच्या रीतीबद्दलची माफी अनावश्यक ठरत नाही. त्याची जीभ पुढेही तिखटच राहिली. २०१८ च्या सप्टेंबरात सहकाऱ्यांशी कठोर वागल्याबद्दल त्याने पुन्हा माफी मागितली आणि काही काळ कामापासून दूर राहिला. मला या कथेत तो परिचित अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्या गटांत हसणारे पुष्कळ असतात. बाजूला घेऊन "हे बरे नव्हे" म्हणणारा एखादाच.

आपण कोकणातील मुसलमान बहुतेक शाफिई. इमाम शाफिई (रह.) यांच्याविषयी ग्रंथांत आले आहे की वाद करताना सत्य आपल्या तोंडून निघते की समोरच्याच्या, याची त्यांना फिकीर नसे. त्यांचे गुरू इमाम मालिक (रह.) यांना एकदा अठ्ठेचाळीस प्रश्न विचारले गेले आणि त्यांतील बत्तीस प्रश्नांना त्यांनी "मला ठाऊक नाही" असे उत्तर दिले, अशीही नोंद आहे. हे शब्द आपल्या गटांत किती वेळा दिसतात? कोणी विचारतो, प्रत्येकाला उत्तर द्यायचे असते, आणि ज्याला खरोखर माहीत असते तो बहुधा त्या वेळी कामावर असतो.

भीती दाखवणारी मस्करी हा आणखी एक प्रकार. "तुझे खाते हॅक झाले", "तुझे फोटो बाहेर गेले" असा खोटा संदेश पाठवून मित्राची धांदल पाहायची. प्रवासात झोपलेल्या एका सोबत्याची दोरी काहींनी गमतीने उचलली आणि तो दचकला, तेव्हा मुसलमानाने मुसलमानाला घाबरवणे वैध नाही असे प्रेषित (सल्ल.) यांनी बजावले. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. एवढेच आठवावे की ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले, वीज गेली, टॉवर बंद पडले आणि परदेशातील आपल्या माणसांना घरच्यांची खुशाली कळेना. कोणाचे नेटवर्क श्रेष्ठ, हा कट्ट्यावरचा जुना वाद त्या दिवसांत कोणी काढला नाही. एखाद्या टेकाडावर थोडी रेंज मिळते असे कळले तर लोक तेथवर चालत जात. अशा लोकांशी फोनवरून खोटी भीती खेळायची?

शेवटी जुन्या फोनच्या खरेदी-विक्रीविषयी, कारण हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विक्री मित्राची असते, आपण फक्त "एकदम मस्त आहे, घेऊन टाक" म्हणतो. मग आपल्यावर जबाबदारी येते काय? विकणारा व घेणारा खरे बोलले आणि दोष उघड केला तर त्यांच्या व्यवहारात बरकत असते, दोष लपवला तर ती पुसली जाते, असे बुखारी व मुस्लिम यांच्या हदीसमध्ये आहे. तुम्ही विक्रेते नसलात तरी घेणाऱ्याने तुमच्या शब्दावर पैसे मोजले आहेत. म्हणून बॅटरी बदललेली असेल, पडदा मूळचा नसेल, फोन एकदा पाण्यात पडला असेल, मूळ पावती नसेल, तर मित्राचा सौदा मोडला तरी चालेल, पण पैसे हातात पडण्यापूर्वी ते घेणाऱ्याला सांगावे. आणि यांपैकी काही ठाऊक नसेल तर "मी तपासलेला नाही, आधी कारागिराला दाखव" एवढेच म्हणावे.