जुन्या व्हीटेकचा वर्षाचा हिशेब

मिस्त्रींनी टायमिंग बेल्टचं झाकण सोडवलं, टॉर्च मारला आणि पट्टा अंगठ्याने उलटा वाकवून मला दाखवला. दातांच्या मुळाशी केसाएवढ्या बारीक भेगा पडल्या होत्या.

"टाकल्यापासून किती चालली गाडी?"

"चोवीस हजार."

"आणि वर्षं किती झाली?"

"सहा."

"मग बदला साहेब. किलोमीटर बघू नका."

किलोमीटरच्या हिशेबाने त्या पट्ट्याचं निम्मं आयुष्यही सरलं नव्हतं. पण रबराला किलोमीटर कळत नाहीत, त्याला वर्षं कळतात. जुनी वेगवान गाडी घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो, कारण "मी फक्त रविवारी काढणार, मग खर्च कसला?" असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. रविवारी काढायच्या गाडीचा खर्च रोजच्या गाडीपेक्षा फारसा कमी नसतो. कमी होतं ते पेट्रोल.

माझी गाडी २००१ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक. दोन दारांची खरी स्पोर्ट्स कार नव्हे, दिसायला साधी सेदान. पण १४९३ सीसीच्या इंजिनातून १०६ बीएचपी देणारी ही गाडी त्या काळात मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकायची. २००३ मध्ये तिच्या जागी आलेल्या नव्या सिटीत ताकद ७७ बीएचपीवर आली, आणि तेव्हापासून या जुन्या व्हीटेकचे चाहते तिला जपून आहेत. नीट ठेवलेली गाडी दीड-दोन लाखांत मिळते. खाली दिलेले सुट्या भागांचे आणि मजुरीचे आकडे माझ्या पुण्यातल्या बिलांवरून आहेत. तुमच्या गावात ते थोडे वरखाली होतील.

आधी सरकारी खर्च बघू, कारण तो गाडी हलली नाही तरी भरावा लागतो. थर्ड पार्टी विम्याचे जून २०२२ पासूनचे दर इंजिनाच्या आकारावर ठरतात. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६ रुपये, १५०० च्या वर ७,८९७ रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे माझ्या १४९३ सीसीला सगळं धरून ४,०३१ रुपये पडतात, तर १५९६ सीसीच्या फियाट पॅलिओला ९,३१८. शंभर सीसीच्या फरकासाठी दरवर्षी पाच हजारांहून जास्त. दोन गाड्यांमध्ये मन दोलायमान असेल तर हा आकडा विसरू नका. मालक-चालकाचं अपघात संरक्षण घेतलं की माझा विमा पाच हजारांच्या आसपास जातो. एवढ्या जुन्या गाडीचं स्वतःचं नुकसान भरून देणारी पॉलिसी बऱ्याच कंपन्या देत नाहीत. दिली तरी गाडीची किंमत इतकी कमी धरतात की एका दाराच्या डेंटिंग-पेंटिंगनंतर फारसं काही उरत नाही.

मग नोंदणी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण करावं लागतं. त्याचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० झालं. तपासणीचं शुल्क आणि पर्यावरण कर त्याशिवाय. हे सगळं पाच वर्षांत वाटून मी वर्षाला साडेतीन हजार बाजूला टाकतो. मुदत चुकली तर महिन्याला ५०० रुपये जादा लागतात. जुनी गाडी विकत घेताना आरसीची तारीख म्हणूनच आधी पाहावी. दोन वर्षं लोटली असतील तर १२,००० रुपयांचं ओझं गाडीसोबत तुमच्याकडे येतं. पीयूसी या वयाच्या गाडीला दर सहा महिन्यांनी करावी लागते, एका वेळी सव्वाशे रुपये. नवी नंबरप्लेट बसवलेली नसेल तर एकदाच ७४५ रुपये आणि वर जीएसटी.

दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन आपल्याकडे येतात. किंमत मोहात पाडणारी असते. पण आपल्याकडचा कर, पुन्हा पासिंग आणि त्या धावपळीत जाणारे दिवस जमेस धरले की मला त्यात बचत दिसलेली नाही.

पेट्रोलचं गणित सोपं आहे. शहरात नऊ-दहा, हायवेला तेरा-चौदा. वर्षाला चार हजार किलोमीटर, सरासरी दहा आणि लिटरला १०४ रुपये धरले तर ४१,६०० रुपये. पण खरी काळजी पेट्रोलच्या भावाची नाही, त्यात मिसळलेल्या वीस टक्के इथेनॉलची आहे. या गाड्या बनल्या तेव्हा पंपावर असं पेट्रोल नव्हतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही म्हटलं आहे की साध्या पेट्रोलसाठी घडवलेल्या चारचाकीचं मायलेज या मिश्रणावर ६ ते ७ टक्के घटतं. त्याहून मोठा प्रश्न पेट्रोलच्या नळ्यांचा आणि ओ-रिंगांचा. मागच्या उन्हाळ्यात गाडी सुरू करताना केबिनमध्ये पेट्रोलचा वास येऊ लागला. बॉनेट उघडून इंजिनाकडे जाणारी नळी बोटाने दाबली, तर वरून टणक आणि आतून चिकट लागली. क्लिपजवळ ओल होती. त्याच दिवशी टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या. मजुरीसह चार हजारांच्या आत काम झालं. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर काय होतं हे वेगळं सांगायला नको. जुनी गाडी घेतल्याबरोबर या नळ्या न बघताच बदला. मिस्त्री "चालतील अजून" म्हणाले तरी बदला.

रबराची यादी इथे संपत नाही. रेडिएटरचे होज, सस्पेन्शनचे बुश, इंजिन माउंटिंग, ब्रेकचे होज, दारांच्या बीडिंग, वायपर. यातलं दरवर्षी काही ना काही निघतंच, आणि मी त्यासाठी १२,००० धरतो. टायरही याच हिशेबात येतात. टायरच्या बाजूला चार आकडी छाप असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, पाच-सहा वर्षांनंतर मी त्या टायरवर घाट उतरत नाही. चार टायरना वीस हजार, म्हणजे वर्षाला चार हजार. बॅटरी चार वर्षांनी पाच हजारांची. उभ्या गाडीची त्याआधीही जाते.

सर्व्हिसला वर्षाला साडेचार हजार पुरतात: तेल, फिल्टर, प्लग, दोन वर्षांतून एकदा कूलंट आणि ब्रेक ऑइल. तेल किलोमीटर न बघता वर्षातून एकदा बदला. या इंजिनात वेग वाढला की तेलाच्या दाबावरच इनटेक व्हॉल्व्ह जास्त उघडतात. तेल काळं, जड झालं की ती करामत मंदावते आणि सोलेनॉइडच्या गॅस्केटमधून तेल पाझरायला लागतं. सकाळी गाडीखाली एक डाग दिसला तर आधी तिथे बघा. शंभर-दोनशे रुपयांच्या गॅस्केटकडे दुर्लक्ष केलं तर तेल अल्टरनेटरवर उतरतं आणि मग खर्च हजारांत जातो. डिस्ट्रिब्युटर, वायरिंग, सेन्सर यांसाठी वर्षाला पाच हजार ठेवा. त्यातले काही पावसाळ्यात उंदरांच्या नावाने जातात. उभ्या गाडीचं बॉनेट त्यांना फार आवडतं.

आता पुन्हा त्या पट्ट्याकडे. या इंजिनात पट्टा तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड उतरवावं लागतं. म्हणून दर पाच वर्षांनी बदल. पण पट्टा एकटा बदलू नका. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर चालतो. गाडी घेतली त्या वर्षी एका गॅरेजने माझा पट्टा बदलला आणि पंप "चांगला आहे" म्हणून तसाच ठेवला. आठ महिन्यांत पंप गळायला लागला, नवा पट्टा कूलंटने भिजला, आणि तेच सगळं काम, तीच मजुरी, पुन्हा. पट्टा, टेन्शनर, पंप, कॅम आणि क्रँकचं ऑइल सील एकदमच करा. मजुरीसह १४,००० म्हणजे वर्षाला २,८००. क्लच सेट बारा हजारांचा, आठ वर्षं चालला तर वर्षाला दीड हजार.

सुटे भाग मिळतात का, हे लोक घाबरत विचारतात. चालते भाग मिळतात. पुण्यात नाना पेठेत जाताना काढलेला जुना पार्ट हातात घेऊन जा आणि आरसीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कारण या सिटीचं नुसतं नाव सांगितलं तर नव्या मॉडेलचा भाग समोर येतो. काचा, दिवे, बंपर यांसाठी मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा जुना बाजार आहे. पण ब्रेक, बेअरिंग आणि पट्टा जुन्या बाजारातून कधीही घेऊ नका. सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, पक्कं बिल मागताना हे ध्यानात ठेवा.

सगळ्यात जास्त फसवतो तो पत्रा. इंजिन उघडून बसवता येतं, गंजलेला पत्रा मात्र कापूनच काढावा लागतो. गाडी बघायला जाल तेव्हा डिकीतलं कार्पेट उचला, स्टेपनी काढा आणि तळ बोटांनी चाचपा. मागच्या चाकांवरच्या कमानीवर पेचकसच्या मुठीने हलकेच टकटक करा. चांगला पत्रा खणखणतो, पुटी भरलेली जागा भद्द वाजते. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला भोकं असतात. ती मातीने बुजली की दार आतून सडतं, म्हणून मी पावसाळ्याआधी तारेने ती मोकळी करतो. कोकणात किंवा गोव्यात राहिलेली गाडी असेल तर लिफ्टवर चढवून बघितल्याशिवाय इसार देऊ नका. पत्रा आणि रंगासाठी मी वर्षाला १०,००० धरतो. ते काही वर्षी लागत नाहीत, एखाद्या वर्षी तीस हजार लागतात.

या सगळ्याची बेरीज पेट्रोल सोडून वर्षाला ४९,८०० येते. पेट्रोल धरलं तर ९१,४००. त्यातलं पेट्रोल तेवढं तुमच्या हातात आहे. उरलेले पन्नास हजार गाडी अंगणात उभी असली तरी जवळजवळ तेवढेच लागतात. मी महिन्याला ४,२०० रुपये वेगळ्या खात्यात टाकतो आणि गाडीचं काम त्या खात्यातूनच करतो. ज्यांना ही रक्कम जड वाटते त्यांना मी मनापासून सांगतो, गाडी घेऊ नका. पैशाअभावी लांबलेलं काम या गाडीत दुपटीने परत येतं, आणि ब्रेकचं काम लांबलं तर त्यात घरची माणसंही बसलेली असतात.

परदेशी बनावटीची जुनी स्पोर्ट्स कार, म्हणजे मर्सिडीजची एसएलके किंवा पोर्शची बॉक्स्टर, मनात असेल तर गणित साफ बदलतं. वीस वर्षांवरच्या आयात चारचाकीचं नोंदणी नूतनीकरण ८०,००० रुपयांचं आहे, आणि विमा वरच्या गटात. सुटे भाग बाहेरून मागवायचे तर किमतीवर वाहतूक आणि सीमाशुल्क चढतं, आणि भाग येईपर्यंत गाडी गॅरेजमध्ये जागा अडवून बसते.

गाडी ठरवलीच असेल तर किमतीखेरीज साठ हजार हातात ठेवून जा. पहिल्या महिन्यात पट्ट्याचं पूर्ण काम, पेट्रोलच्या नळ्या, ब्रेकचे होज, सगळी तेलं आणि गरज असेल तर टायर, एवढं उरकून घ्या. विकणारा "बेल्ट बदललाय" म्हणाला तर बिल मागा. बिल नसेल तर तो बदललेला नाही असं धरून चला आणि तेवढे चौदा हजार किमतीतून कमी करून मागा.