ते वाक्य आत्याचं

चि. बाळ यास,


परवा वहिनीचा फोन आला, तेव्हापासून तुझ्या आत्याच्या जिवाला चैन नाही. तुझ्या कंपनीतल्या दोस्ताचं बाहेर प्रकरण आहे, हे कळलं. पण त्याच्या बायकोबद्दल तू म्हणे बोललास, "हिलाच नवरा सांभाळता आला नाही." खरं का हे? मोशीत एका मजल्यावर राहता. तिची पोर तुमच्या ताटात जेवून मोठी झाली.

चाकणच्या बसमध्ये दोस्त अजून तुझ्याच शेजारी बसतो. त्याला काय बोललास?

कायदाही असाच होता. 1860च्या दंडसंहितेतलं 497 कलम. तक्रार नवऱ्यानं करायची, बायकोच्या प्रियकराविरुद्ध; बाहेरख्याली नवऱ्याच्या बायकोला तो हक्कच नव्हता. 1985 साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी कलम कायम ठेवलं. 27 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमतानं ते रद्द केलं, त्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. घराणं आपल्याच खेड तालुक्यातलं, कन्हेरसरचं. व्यभिचार आता गुन्हा नाही, पण घटस्फोटाचं कारण आहेच. पोटगी मागता येते. बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, तिची कमाई कितीही असो. तिला हे कुणी सांगितलंय का?

"हिलाच सांभाळता आला नाही." हे तू घरातूनच उचललंस. निगडीच्या खोल्यांत शेजारची बाई एका रात्री दारात उभी राहिली. नवऱ्यानं दुसरीकडे बिऱ्हाड केलं होतं. तुझ्या आत्यानं तिला आत ये म्हटलं नाही. "नवरा सांभाळावा लागतो गं, जरा नीटनेटकी राहत जा," म्हणाली आणि दूध उतू जातंय म्हणून वळली. आठवड्यात त्या खोलीला कुलूप लागलं. तिचं माहेर कुठलं, हेही कधी विचारलं नव्हतं. तू पाच वर्षांचा, पदर धरून सगळं ऐकत होतास.

फार रागावून लिहिलं. तू मनाचा वाईट नाहीस रे. दहावीच्या सुट्टीत आत्या आजारी पडली, तेव्हा तूच उशाशी बसून राहिलास. मुलानं बापाचा निकाल फिरवला, तसा तू आत्याचा फिरव.

गुरुवारी सुट्टी असेल, सूनबाईला घेऊन दोस्ताच्या बायकोकडे जा. खोदून काही विचारू नका. पोरीला पूर्वीसारखं जेवायला आणा. आणि रात्रपाळीला उपाशी जाऊ नकोस, बाळा.

तुझी आत्या