लांब नावांचा विग्रह

वर्गात मोठ्याने वाचताना एखादे लांबलचक रासायनिक नाव आले, की पुष्कळ मुले अडखळतात. काही जण ते कसेबसे उरकतात, तर काही जण ते गाळून पुढे जातात. वास्तविक अशा नावाला भिण्याचे कारण नाही. 'तुळशीवृंदावन' हा शब्द 'तुळ-शीवृं-दावन' असा तोडून कोणी वाचत नाही. कारण 'तुळशी' आणि 'वृंदावन' हे दोन्ही शब्द परिचयाचे असतात. रासायनिक नावेही अशीच जोडलेली असतात. त्यांचा विग्रह मात्र करता आला पाहिजे.

एके काळी घरोघरी फवारल्या जाणाऱ्या डी.डी.टी.चे उदाहरण घ्यावे. हा पदार्थ कीटकांचा नाश करतो, हे पॉल म्यूलर ह्या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३९ साली दाखवून दिले. त्याचे पूर्ण नाव 'डायक्लोरोडायफेनिलट्रायक्लोरोइथेन' असे आहे. प्रथम नावाचे अर्थपूर्ण घटक पाडावेत : डायक्लोरो – डायफेनिल – ट्रायक्लोरो – इथेन. 'डाय' म्हणजे दोन आणि 'ट्राय' म्हणजे तीन. आपल्या 'द्वि' व 'त्रि' ह्यांची ही भावंडेच होत. 'क्लोरो' हा घटक क्लोरीन दर्शवितो. म्हणजे ह्या पदार्थाच्या एका रेणूत दोन आणि तीन मिळून क्लोरीनचे ५ अणू असतात, हे नावच सांगते. 'रोडाय' असा तुकडा पाडला, तर काहीच बोध होत नाही.

नंतर प्रत्येक घटकाचे उच्चारखंड पाडावेत : डाय-क्लो-रो, डाय-फे-निल, ट्राय-क्लो-रो, इ-थेन. 'डाय'मधील 'य' निराळा उच्चारू नये. 'क्लो'चे 'किलो' करू नये. घटक संपला की किंचित थांबावे. सवय झाली म्हणजे सबंध नाव एका दमात म्हणता येते.

नावाचा शेवट विशेष जपावा. सोडियम क्लोराइड म्हणजे जेवणातील मीठ. सोडियम क्लोरेट हे तण मारण्यासाठी वापरले गेलेले विषारी द्रव्य. दोहोंचा आरंभ सारखाच. फरक केवळ शेवटच्या उच्चारखंडाचा. प्रयोगशाळेत तो शेवट तोंडातल्या तोंडात पुटपुटला, तर हाती भलतीच बाटली येईल. म्हणून नाव स्पष्ट उच्चारणे हीदेखील सावधगिरीच होय.

स्वाध्याय

१. 'टेट्रा' म्हणजे चार. 'कार्बन टेट्राक्लोराइड' ह्या नावाचे उच्चारखंड पाडा. त्याच्या एका रेणूत क्लोरीनचे किती अणू असतात?

२. 'सल्फेट' आणि 'सल्फाइड' हे शब्द मोठ्याने वाचा. त्यांतील भिन्न उच्चारखंड कोणते?